स्वच्छ पाण्याचा गुन्हा

एक रहस्यकथा ऐका. अशी घटना जगात कुठे ना कुठे घडतच असते. मी तिला फक्त एक टाकी आणि एक शनिवार जोडून देते.

एका मोठ्या हॉलमध्ये भिंत व्यापून टाकणारा फिशटँक आहे. गोड्या पाण्याचा. त्यात 5000 लिटर पाणी आहे, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या पाच. आत ऑस्कर आहेत, सिल्व्हर डॉलर आहेत, आणि एक म्हातारा गौरामी आहे. तो काचेपाशी येतो आणि माणसांकडे टक लावून बघत बसतो. पाणी नितळ. मासे धट्टेकट्टे, दाणे टाकले की तुटून पडणारे. गेले चार महिने या टाकीचं पाणी कोणी बदललेलं नाही. वाफ होऊन पातळी उतरली की वरून दोन बादल्या ओतायच्या, एवढीच काय ती सेवा.

शनिवारी सकाळी टाकी सांभाळणाऱ्या दादाला माशांची दया आली. किती दिवस बिचारे त्याच पाण्यात! त्यानं पाइप लावून अर्धी टाकी रिकामी केली आणि ताजं, स्वच्छ पाणी भरलं. दुपारी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. संध्याकाळपर्यंत दोन-तीन आडवे झाले. रविवारी सकाळी पाहिलं तर म्हातारा गौरामीही गेलेला.

शिळ्या पाण्यात चार महिने मजेत राहिलेले मासे स्वच्छ पाण्यात एका दिवसात मेले. कसे काय?

लगेच पुढच्या पानावर उडी मारू नका. आधी संशयितांना एका रांगेत उभं करू.

पहिला संशयित क्लोरीन. नळाच्या पाण्यातले जंतू मारायला नगरपालिका तो घालते. आपल्याला तेवढा क्लोरीन चालतो, पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना तो भाजून काढतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ह्याच्याकडेच बोट दाखवलं असणार. पण आपला दादा कच्चा नाही. त्यानं पाणी आदल्या दिवशीच ड्रमांमध्ये भरून ठेवलं होतं आणि रात्रभर त्यात एअर पंपाचे बुडबुडे सोडले होते. त्यानं क्लोरीन हवेत उडून जातो. वर थोडं हायपोही टाकलं होतं. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, माशांच्या दुकानात मिळणारे काचेच्या खड्यांसारखे लहान खडे. पूर्वी फोटो धुणारे लोक अंधाऱ्या खोलीत हेच वापरायचे. घरात कोणी जुने फोटोवाले असतील तर विचारा. तर क्लोरीन सुटला.

दुसरा संशयित तापमान. दादानं थर्मामीटर बुडवून पाहिला होता. टाकीत 25 अंश, ड्रमात 25 अंश. सुटला.

तिसरा संशयित नवं पाणीच. त्यात काही विषारी असेल का? पण त्याच ड्रमांतलं पाणी दादानं शेजारच्या छोट्या टाकीतही भरलं होतं, आणि तिथले गप्पी मासे अजून शेपट्या हलवत फिरताहेत.

म्हणजे विष बाहेरून आलंच नाही. ते मोठ्या टाकीत आधीपासून होतं, आणि तरी माशांना त्यानं काही केलं नाही. ताजं पाणी पडलं आणि ते जागं झालं. हे प्रकरण उलगडायचं तर आपल्याला एक जरा लाजवणारा प्रश्न विचारावा लागेल.

मासे शू कुठे करतात?

हसून घ्या. झालं हसून? प्रश्न गंभीर आहे. आपण प्रथिनं खातो, म्हणजे डाळी, अंडी, मासे वगैरे. प्रथिनांत नायट्रोजन असतो, आणि वापरून झाल्यावर शरीराला तो बाहेर टाकावा लागतो. आधी त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया हे जहाल विष आहे. म्हणून आपलं शरीर बरीच शक्ती खर्चून त्याचा सौम्य युरिया बनवतं आणि लघवीतून टाकतं. पक्षी आणखी वेगळी युक्ती करतात. त्यांच्या शिटेतला पांढरा भाग असतो ना, तो युरिक आम्लाचा. मासे मात्र या भानगडीत पडत नाहीत. चहूबाजूंनी पाणी आहे, कशाला शक्ती घालवा! ते अमोनिया तसाच्या तसा बाहेर सोडतात, आणि तोही बराचसा कल्ल्यांतून. ज्या कल्ल्यांतून प्राणवायू आत घ्यायचा, त्यातूनच अमोनिया बाहेर. नदीत तो वाहून जातो. टाकीत जाणार कुठे?

आता वही-पेन्सिल घ्या, छोटा हिशेब करू. आपल्या टाकीत रोज 100 ग्रॅम दाणे पडतात असं धरा. त्यात 40 टक्के प्रथिनं. मत्स्यशेतीवाले वापरतात त्या सूत्रानं एवढ्या दाण्यांतून सुमारे 3.7 ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. 5000 लिटरमध्ये वाटला तर लिटरमागे 0.74 मिलिग्रॅम. फार वाटत नाही ना? पण हे एका दिवसाचं झालं. आठवड्यात 5 मिलिग्रॅमच्या वर, महिन्यात 22. एवढ्यात टाकी कधीच रिकामी झाली असती. पण तसं होत नाही. टाक्या महिनोन्महिने, वर्षानुवर्षं चालतात. म्हणजे कोणीतरी गुपचूप तो अमोनिया उचलून नेतंय.

हे कोण, ते माणसाला कळायला बराच वेळ लागला. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. 1849 साली त्यांनी सुमारे 12 गॅलन पाण्याच्या, म्हणजे पन्नासेक लिटरच्या काचपात्रात वाळू-दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. पाणी न बदलता हा संसार चालतो का, हे त्यांना बघायचं होतं. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, फिटंफाट! काही दिवसांनी जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झालं. शिवाय गोगलगाईंची अंडी माशांना खाऊ. 1850 साली त्यांनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी वेगळं घर उघडलं, आणि फिशटँकचं वेड इंग्लंडभर पसरलं.

वॉरिंग्टनना वाटलं, वनस्पती, मासे आणि गोगलगाय मिळून हिशेब पुरा झाला. पण त्यांच्या वाळूत आणखी कोट्यवधी भाडेकरू राहत होते, आणि त्यांचा त्यांना पत्ताच नव्हता.

तो पत्ता लागायला पॅरिसमधलं सांडपाणी कारणी लागलं. 1877 साली श्लोजिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली, आणि वरून सांडपाणी अगदी हळूहळू झिरपू दिलं. खाली काय येतं ते मोजत बसले. (ही चुनखडी लक्षात ठेवा बरं, पुढे ती आपल्याला लागणार आहे.) पहिले 20 दिवस काहीच झालं नाही. वरून अमोनिया घातला, खालून अमोनिया आला. मग अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट दिसायला लागलं. थोड्या दिवसांत अमोनिया पार नाहीसा, सगळं नायट्रेट!

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती 20 दिवस कोणाची वाट बघत थांबली असती? त्या दोघांनाही हाच संशय आला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्म म्हणजे जिवंत गोष्टींना गुंगी आणणारं द्रव्य. नायट्रेट बंद! वाळूला गुंगी येत नाही, चुनखडीलाही येत नाही. म्हणजे नळीत कोणीतरी जिवंत होतं. पुढे त्यांनी थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी नळीत ओतलं, आणि काम पुन्हा सुरू झालं. मला ही नळी फार आवडते. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता त्यांनी जिवाणू पकडले.

तरी त्यांना प्रत्यक्ष वाढवून दाखवणं कोणाला जमेना. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर त्यांना मांसाचं पाणी, जिलेटिन असं काहीबाही खायला देत. हे पठ्ठे त्यावर वाढतच नसत. शेवटी सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञानं झ्युरिकमध्ये उलटा विचार केला: यांना आयतं जेवण नकोच असेल तर? त्यानं त्यांना फक्त क्षार, अमोनिया आणि हवा दिली. आणि 1890 च्या सुमारास ते मिळाले. हे जिवाणू अमोनिया जाळून शक्ती मिळवतात आणि त्या शक्तीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बनवतात. झाडं हेच काम सूर्यप्रकाशावर करतात. यांना उजेड लागत नाही, साखर लागत नाही. माशाची शू आणि प्राणवायू मिळाला की यांची मेजवानी.

काम दोन टप्प्यांत होतं, हेही विनोग्राड्स्कीनं दाखवलं. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि त्याचा रंग चॉकलेटी तपकिरी होतो. इथे एक झकास युक्ती आहे. नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरतं ते क्लोराइडच्या वाटेनं. कल्ल्यातल्या पेशी क्लोराइड ओढून घेत असतात, आणि त्या गर्दीत नायट्राइटही घुसतं. म्हणून जाणते लोक अशा वेळी पाण्यात मोजून थोडं मीठ टाकतात. मिठात भरपूर क्लोराइड. वाट क्लोराइडनंच भरून गेली की नायट्राइटला आत जायला जागा उरत नाही.

शेवटचं नायट्रेट त्या मानानं गरीब. थोडं साठलं तरी मासे कुरकुर करत नाहीत. पाणवनस्पती ते खातात. घरातल्या मनीप्लँटची मुळं टाकीच्या पाण्यात सोडून पाहा, नायट्रेटवर तो कसा माजतो ते! उरलेलं नायट्रेट पाणी बदलून काढायचं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत. वाळूवर, दगडांवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजात ते चिकटून राहतात. आणि ते अतिशय सावकाश वाढतात. पोट बिघडवणारे काही जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी एक दिवसही लागतो. त्यामुळे नव्या टाकीत फिल्टरची घडी बसायला चार-सहा आठवडे जातात. रविवारी टाकी आणली, रविवारीच वीस मासे सोडले आणि पुढच्या रविवारी रडू आलं, अशी कितीतरी घरं असतात. त्यात मुलांचा दोष नसतो. दुकानदारानं टाकी आणि मासे एकाच दिवशी विकायला नको होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या गुन्ह्याकडे वळू. फिल्टर जुना, जिवाणू भरपूर, टाकी मुरलेली. मग बिघडलं काय?

जिवाणू अमोनिया जाळतात तेव्हा आम्ल तयार होतं. थेंब थेंब, पण रोज. हे आम्ल पाण्याला लगेच आंबट करत नाही, कारण पाण्यात बायकार्बोनेट नावाचा क्षार विरघळलेला असतो आणि तो आम्लाला गिळून टाकतो. हा बायकार्बोनेट म्हणजे टाकीचा मातीचा गल्ला समजा. रोज त्यातून थोडी नाणी काढली जातात. गल्ल्यात नाणी आहेत तोवर बाहेरून काहीच कळत नाही. ज्या दिवशी तो रिकामा होतो, त्या दिवशी एकदम कळतं.

त्याचाही हिशेब करता येतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जाळायला सुमारे 7 ग्रॅम चुनखडीएवढा बायकार्बोनेट खर्ची पडतो. आपल्या टाकीत रोज 3.7 ग्रॅम, म्हणजे खर्च रोज 26 ग्रॅम. नळाच्या पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम शिल्लक असेल तर 5000 लिटरमध्ये अर्धा किलो. 500 भागिले 26 करा. एकोणीस दिवस! वरून ओतलेल्या बादल्यांनी थोडी भर पडते, वनस्पती थोडा अमोनिया स्वतःच खातात, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त दिवस निघतात. पण चार महिने? गल्ला केव्हाच रिकामा झाला होता.

आपल्याकडे हा गल्ला गावागणिक वेगळा असतो. मुंबईला सह्याद्रीतल्या तलावांचं पाणी येतं. ते पावसाचं, कातळावरून वाहत आलेलं, मऊ, साबणाला पटकन फेस देणारं. त्यात शिल्लक कमी. मराठवाड्यातल्या एखाद्या खोल बोअरचं पाणी मात्र इतकं जड असतं की पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. आई ज्या थराच्या नावानं बोटं मोडते, तो माशांच्या टाकीत मोठा आधार ठरतो.

गल्ला संपला की पाण्याचा पीएच घसरतो. पीएच तुम्ही शाळेत ऐकला असेल: 7 म्हणजे ना आम्ल ना अल्कली, खाली आम्ल, वर अल्कली. पण एक गोष्ट मुलं नेहमी विसरतात. इथली प्रत्येक पायरी दहापट असते. 7 वरून 6 म्हणजे आम्लपणा दहापट, 5 म्हणजे शंभरपट. आपल्या टाकीत पीएच 6 पर्यंत उतरला होता. एवढ्या आम्ल पाण्यात ते जिवाणू मंदावतात, जवळजवळ संपावर जातात. अमोनिया उचलणारं कोणी राहिलं नाही, तो साठत गेला. लिटरमागे 10 मिलिग्रॅम झाला म्हणा.

मग मासे तेव्हाच का नाही मेले? गंमत इथेच आहे. पाण्यात अमोनिया दोन वेषांत वावरतो. एक साधा अमोनिया. तो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरतो आणि माशाला मारतो. दुसरा वेष अमोनियमचा: त्याच अमोनियाला हायड्रोजनचा एक जास्तीचा कण चिकटलेला. या कणाबरोबर विद्युतभार येतो, आणि भार असलेल्याला तो पडदा सहजासहजी ओलांडता येत नाही. म्हणजे अमोनियम बराचसा बाहेरच अडकून पडतो, निरुपद्रवी.

किती जणांनी कोणता वेष घ्यायचा, हे पीएच ठरवतो. आम्ल पाण्यात हायड्रोजनचे कण रगड, म्हणून जवळजवळ सगळे अमोनियम होऊन बसतात. 25 अंशांच्या पाण्यात पीएच 6 असेल तर दर 10,000 मधले फक्त 6 जण घातक वेषात असतात. पीएच 7 ला सुमारे 56. पीएच 8 ला सुमारे 530. आणि 9 ला तब्बल 3600!

आता शनिवारी काय झालं ते तुम्हीच सांगा.

सकाळी टाकीत लिटरमागे 10 मिलिग्रॅम अमोनिया होता, पीएच 6. घातक वेषातला होता 0.006 मिलिग्रॅमच्या आसपास. माशांना त्याची दखलही नव्हती. दादानं अर्धं पाणी बदललं, म्हणजे अमोनियाही अर्धा झाला: 5 मिलिग्रॅम. शाबास दादा! पण ताज्या पाण्याबरोबर भरपूर बायकार्बोनेट आला, आणि पीएच चढला 8 च्या जवळ. त्या 5 मिलिग्रॅममधल्या अमोनियमनं पटापट हायड्रोजनचे कण सोडून दिले. घातक अमोनिया झाला 0.27 मिलिग्रॅम. आधीच्या चाळीस-पन्नास पट! अमोनिया अर्धा झाला आणि विष जवळजवळ पन्नासपट झालं. वर, इतक्या महिन्यांत आम्ल पाण्याची सवय झालेल्या माशांना दोन पायऱ्यांची उडी एका सकाळीत घ्यावी लागली, ते दुखणं वेगळंच.

शेजारच्या टाकीतले गप्पी का वाचले? दादा त्यांचं पाणी दर आठवड्याला थोडं थोडं बदलायचा, कारण छोटी टाकी बदलायला सोपी. तिथला गल्ला कधी रिकामा झालाच नव्हता, त्यामुळे जिवाणू कामावर होते आणि अमोनिया साठलेला नव्हता.

मोठ्या टाकीत करायला काय हवं होतं? आधी तपासणी. दुकानात छोट्या बाटल्या मिळतात. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. अमोनियाच्या तपासणीत पाणी पिवळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर गडबड. पण ही तपासणी दोन्ही वेषांतला अमोनिया एकत्र मोजते, म्हणून पीएचची बाटली शेजारी हवीच. नुसत्या एका आकड्यावरून या प्रकरणात काही कळत नाही. अमोनिया खूप आणि पीएच कमी असं दिसलं, तर पाणी रोज थोडं, दहा टक्क्यांच्या आतबाहेर बदलायचं आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं. पीएच जिन्यानं चढवायचा, लिफ्टनं नाही.

आणि गल्ला भरलेला ठेवायला श्लोजिंग-म्युंट्झची चुनखडी! कोकणातल्या किनाऱ्यावरचे शिंपले स्वच्छ धुऊन जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवले तरी चालतात. पाणी आम्ल व्हायला लागलं की शिंपले विरघळतात आणि बायकार्बोनेट देतात. पाणी पुरेसं अल्कली असलं की ते नुसते पडून राहतात. कोणी मोजायला नको, कोणी चमच्यानं घालायला नको.

मात्र सगळ्याच माशांना शिंपले आवडतील असं नाही हं. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीचं पाणी कुजलेल्या पानांमुळे काळपट चहाच्या रंगाचं आणि चांगलंच आम्ल असतं. पीएच 4 ते 5! लाल-निळे कार्डिनल टेट्रा तिथले. उलट आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा पीएच 9 च्या आसपास, आणि तिथल्या सिक्लिड माशांना तेच हवं. ही दोन घराणी एका टाकीत ठेवणं म्हणजे दोघांचाही छळ. टेट्रांसाठी पाणी रिओ नेग्रोच्या वळणावर न्यायचं तर आपल्या शाळेच्या अंगणातलं देशी बदामाचं झाड कामाला येतं. त्याची गळून पडलेली लाल-तपकिरी, वाळलेली पानं पाण्यात टाकली की टॅनिन उतरतं, पाणी सोनेरी होतं आणि हळूहळू किंचित आम्ल होतं. बदाम फोडून खाण्यापलीकडे त्या झाडाचा हाही उपयोग आहे.

वनस्पती दाट असलेल्या टाकीत पीएच दिवसभर एका जागी उभाही राहत नाही. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थोडं आम्ल बनवतो. दिवसा वनस्पती तो खातात, पीएच चढतो. रात्री अंधारात त्या, मासे आणि जिवाणू असे सगळेच तो सोडत राहतात, पीएच उतरतो. तुमच्याकडे अशी टाकी असेल तर दिवे लागायच्या आधी सकाळी एकदा आणि ते विझायच्या आधी संध्याकाळी एकदा मोजा. पाणी तेच, टाकी तीच, पण दोन आकडे वेगळे येतील.

प्राणवायूचं गणितही नाजूक. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 8. पाणी तापलं की आणखी कमी. 30 अंशांना साडेसात. त्यात मासे, वनस्पती आणि स्पंजातले ते कोट्यवधी, सगळे वाटेकरी. म्हणून बाजारात कोळीण पाटीत चार बोटं पाण्यात जिवंत मरळ ठेवू शकते, कारण मरळ वर येऊन सरळ हवा घेतो, पण गोल्डफिश तसा ठेवता येत नाही. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला की माशांची काळजी सगळे करतात. फिल्टरच्या बंद डब्यातल्या जिवाणूंचा जीव मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. चार-पाच तास वीज गेली की आतला प्राणवायू संपतो, ते मरायला लागतात आणि डब्यातलं पाणी नासतं. वीज आली की पंप ते सगळं पाणी थेट माशांच्या अंगावर सोडतो. अशा वेळी आधी डबा उघडून ते पाणी मोरीत ओतायचं, मग पंपाचं बटण दाबायचं.

आणि स्पंज? तो काळा-तपकिरी, बुळबुळीत झाला की घरातल्या मोठ्यांचे हात शिवशिवतात. नळाखाली धरून साबणानं लख्ख करून टाकतात. क्लोरीन आणि साबण मिळून आतली सगळी वस्ती संपते, आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस. गाळ जातो, वस्ती राहते.

या वस्तीत कोण कोण राहतं, याची यादीही अजून बदलतेच आहे. विनोग्राड्स्कीनंतर शंभर वर्षं पुस्तकांत छापलं जायचं की दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर करतो. 1998 साली गोड्या पाण्याच्या फिशटँकांचे फिल्टर नीट तपासले, तर तिथे हे काम नायट्रोस्पायरा नावाचा दुसराच गडी करत होता. मग 2015 साली त्याहून मोठा धक्का बसला. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथले शास्त्रज्ञ एका मत्स्यपालन यंत्रणेच्या फिल्टरमधला थर तपासत होते. त्यात त्यांना एक नायट्रोस्पायरा सापडला, जो अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही टप्पे एकटाच उरकत होता. असा जिवाणू असू शकतो, हे गणित मांडून आधीच सुचवलेलं होतं, पण पाहिला नव्हता कोणी. त्याच वेळी व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनाही त्याचा एक भाऊबंद मिळाला, तो जमिनीत खोलवरून गरम पाणी आणणाऱ्या पाइपातल्या थरात. सव्वाशे वर्षं शास्त्रज्ञ ज्याला दोन टोळ्यांचं काम म्हणत होते, ते एकटा करणारा हा पठ्ठ्या मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या बुळबुळीत थरातच बसला होता.